कोडं पुरं छापा

गौरवसमितीने मला कळवलं आहे की लेख हृद्य असावा, आठवणी गोड असाव्यात आणि कुणाचं मन दुखावेल असं त्यात काही नसावं. पहिल्या दोन गोष्टींचा मी प्रयत्न करीन. तिसरी जमायची नाही, हे आधीच सांगून ठेवते. श्री. दस्तगीर शिकलगार यांच्यावर लिहायचं आणि कुणालाही दुखवायचं नाही, म्हणजे मग गेल्या वर्षीचा तो रविवार गाळायचा. तो गाळला तर उरतं काय? हार, शाल आणि नारळ. ते द्यायला समिती समर्थ आहे, त्यासाठी माझी गरज नाही.

ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. साताऱ्यात मंडईच्या मागच्या बोळात त्यांचं धार लावायचं दुकान आहे. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, घरोघरच्या विळ्या त्यांच्याकडे येतात. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणतात. शिक्षण सातवीपर्यंत. आणि याच चाचांनी एकवीस वर्षं इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गूढ शब्दकोडं रचलं. गूढ अशासाठी की त्यातलं शोधसूत्र दिसतं एक आणि सांगतं भलतंच. सूत्राच्या पोटात दोन वाटा असतात, एक अर्थाची आणि एक अक्षरांच्या जोडणीची. दोन्ही वाटा एकाच उत्तरापाशी येऊन भेटल्या, की ते उत्तर बरोबर.

आमची ओळख भांडणातून झाली. मी मेढ्याच्या शाळेत गणित शिकवते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि मुलं माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. एका रविवारी सूत्र होतं: ‘देवळात गेल्यावर आधी हेच, इकडून वाचा, तिकडून वाचा (३)’. मी लिहिलं ‘नयन’. पुढच्या रविवारी उत्तर आलं ‘नमन’. माझं डोकंच फिरलं. दोन्ही शब्द उलटसुलट सारखे, दोन्ही तीन अक्षरांचे, आणि मधल्या घरावरून दुसरा कुठला शब्द जात नव्हता. मग माझं उत्तर चूक कसं? मी दैनिकाला चार पानी पत्र धाडलं आणि त्यात कोडं रचणाऱ्याला व्याकरणापासून सचोटीपर्यंत सगळं सुनावलं.

उत्तराची अपेक्षा नव्हती. बुधवारी मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, साताऱ्याहून कुणी भेटायला आलंय. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, एसटीच्या धुळीने भरलेल्या चपला. नाव सांगितलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “आवं मॅडम, तुमचं बरोबर हाय. देवळात आदी डोळंच जात्यात, हात मागनं. मधलं घर मी मोकळं सोडलं. चूक माजी.”

मी भांडायला दंड थोपटून उभी, आणि समोरच्याने आखाडाच सोडून दिला. खरं सांगते, मला त्याचाही राग आला. त्यांनी चहा घेतला, शाळेची इमारत पाहिली आणि दोनच्या गाडीने परत गेले. पुढच्या रविवारी कोड्याखाली छापून आलं, की मागील सूत्र सदोष होतं, मेढ्याच्या शिक्षिकाबाईंचं उत्तरही बरोबर धरावं, सोडवणाऱ्यांना झालेल्या तसदीबद्दल क्षमा असावी. एका अक्षरासाठी माणूस घाट चढून आला होता. आमच्या खात्यात चुकीचं परिपत्रक काढणारा माणूस खुर्चीतूनसुद्धा उठत नाही.

त्यांची काम करायची रीत मी नंतर वीसेक वर्षं पाहिली. धार लावण्याचं चाक फिरत असतं, ठिणग्या उडत असतात, आणि चाचांचे ओठ हलत असतात. मध्येच चाक थांबवून ते मागच्या पुठ्ठ्यावर चार अक्षरं लिहितात. सूत्र झालं की त्यातला एकेक शब्द बोटाखाली झाकून पाहतात. झाकलेल्या शब्दावाचून सूत्र सुटलं, तर तो शब्द फुकटचा, काढून टाकायचा. सुटलं नाही, तर तो हवाच. त्यांचा नियमच आहे, की सूत्रात एक शब्द जादा नको आणि एक कमी नको.

आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी उकल. दुकानाच्या लोखंडी शटरवर खडूने ते महिन्याची सूत्रं लिहायचे आणि जमलेल्या मंडळींना एकेक उलगडून दाखवायचे. कुंडलचे तात्या, द्राक्षबागाईतदार, पहाटेची गाडी धरून यायचे. कोयनानगरच्या सुमनताई, वसाहतीतल्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, घाटातल्या वळणांनी गरगरत यायच्या आणि आल्या आल्या लिंबू मागायच्या. कुणी नुसतं उत्तर ओरडलं तर चाचा खडू खाली ठेवत. उत्तर काय, शेजाऱ्याचं बघूनही लिहिता येतं, तुम्ही कसे पोचलात ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. मी वर्गात गणित शिकवताना पायऱ्यांना गुण द्यायला लागले ते त्या शटरसमोर बसल्यापासून. त्याआधी मी फक्त उत्तर बघायची. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण गौरवग्रंथात खोटं कशाला लिहू?

त्यांच्या मायेची एकच गोष्ट सांगते, कारण जास्त सांगितल्या तर ते स्वतःच हा लेख छापू देणार नाहीत. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, पण शब्द हरवले. पाण्याला ती ‘ते’ म्हणायची, मला ‘ती’. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. बोलतं ठेवायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. चाचांना कुणाकडून तरी कळलं. पुढच्याच आठवड्यात टपालाने पाकीट आलं, त्यात नऊ घरांचं एक इवलंसं कोडं, अक्षरं बोराएवढाली. दर आठवड्याला एक. सगळी सूत्रं स्वयंपाकघरातली नि शेतातली. आणि मागच्या बाजूला प्रत्येकाची उकल, चित्र काढून.

चौथ्या की पाचव्या पाकिटात सूत्र होतं: ‘मका उलटा धरा, रोजगार मिळेल (२)’. आईने त्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. बोट ‘का’वर टेकवलं, मग ‘म’वर. आणि म्हणाली, “काम.” मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, “म्हातारपणी बी कामच लावा मला.” झटक्यानंतरचं तिचं ते पहिलं पुरं वाक्य. मी चाचांना फोन केला, तर त्यांनी विचारलं काय? सूत्र जास्त सोपं तर झालं नाही ना.

आता त्या मोठ्या कोड्याकडे येते. एकविसाव्या वर्षी त्यांनी एका सूत्रात गुंफलेलं कोडं रचलं. वर एवढंच लिहिलं होतं, की आजची मोठी उत्तरं एकाच माळेतली आहेत, माळ कसली ते ओळखा. मी पोळ्या करायच्या सोडून बसले. पहिलं सूत्र: ‘उन्हाळ्यातला महिना अर्धी ढाल घेऊन जावळीत बसतो (२)’. उन्हाळ्यातला महिना मे. ढाल अर्धी केली की ढा. जावळीत बसलेलं काय? मेढा! माझं गाव. म्हटलं, योगायोग. दुसरं: ‘कर्णाच्या कानात आणि पलूस तालुक्यात (३)’. कुंडल, दोन्हीकडे. तिसरं: ‘आंबा खाऊन उरते ती, मग नकार, मग शहर, शेजारी धरण (६)’. आंब्याची कोय, नकाराचा ना, शहर म्हणजे नगर. कोयनानगर. मग ‘सांग, मुलीच्या शेवटी हळदीचा बाजार (३)’. ‘सांग’ जसंच्या तसं, मुलीच्या शेवटी ‘ली’, आणि हळदीचा बाजार कुठला ते इकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक. ‘पहिला सूर, पुढे चांदणी, किल्ल्याच्या पायथ्याशी (३)’. सा आणि तारा.

आधी वाटलं माळ तालुक्यांची. पण कुंडल काही तालुका नाही. मग वाटलं धरणांची, नद्यांची. आणि एकदम कळलं. ही आमचीच गावं. ज्या ज्या गावाहून त्यांच्या कोड्याला पत्र येत होतं, ते ते गाव त्यांनी घरांमध्ये बसवलं होतं. कुठलं नाव कुठल्या नावाला छेदतं तेही पाहून. मेढ्याचा ‘मे’ ज्या उभ्या शब्दाला टेकत होता, तो शब्द ‘मेहनत’ होता. मी पोळपाटापाशी बसून रडले, आता लपवून काय करू.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दैनिकाने सदर बंद केलं. फोन नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. चाचांनी रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे अंक विकत घेतला, पुरवणी उघडली, तिथे राशिभविष्य मोठं झालं होतं. एकवीस वर्षांत ज्यांनी एक रविवार चुकवला नाही, त्यांना हे अंक उघडून कळावं? मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, वाचकांना आता हलकंफुलकं हवंय. मी विचारलं, कुठल्या वाचकांना, नाव सांगा. फोन ठेवला गेला. चाचा मात्र म्हणाले, त्यांचा कागद, त्यांची मर्जी. मी म्हटलं, धन्य आहे तुमची.

हे एक वेळ सोडलं असतं. पण गेल्या वर्षी वर्धापनदिनाच्या पुरवणीत दैनिकाला एक पान भरायचं होतं. जुन्या अंकांतून त्यांनी काय उचललं? तेच गावांचं कोडं. विचारलं नाही, कळवलं नाही. बरं, उचललं तर धड छापावं. शेजारी मिठाईची जाहिरात मोठी आली, जागा पुरेना, म्हणून कुणी शहाण्याने प्रत्येक सूत्राचा शेपटाकडचा भाग कापला. एका ओळीत मावेल तेवढं ठेवलं, बाकी गेलं. कंसातले आकडेसुद्धा गेले. गाढवाला गुळाची चव काय!

विचार करा काय उरलं असेल. ‘आंबा खाऊन उरते ती’. लोक लिहिताहेत कोय, आणि पुढे चार घरं आ वासून रिकामी. ‘पहिला सूर’. तीन घरांत ‘सा’ कसा मावायचा? ‘उन्हाळ्यातला महिना’. चैत्र लिहा नाही तर वैशाख, कशाला काही मेळ नाही. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे ‘सांग, मुलीच्या शेवटी’. सांगलीच्या एका बाईंनी चाचांना फोन करून विचारलं, की मुलीबाळींबद्दल हे असलं अभद्र तुम्ही लिहिता तरी कसं? एकटं कुंडल शाबूत राहिलं, कारण कर्णाच्या कानात म्हटलं तरी कुंडलच येतं. तात्या म्हणाले, “माजं गाव तेवढं वाचलं. पर ह्या लोकांची कानं कोण पिळणार?”

एवढी कापाकापी केली, पण एक गोष्ट कापली नाही. कोड्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘रचना: दस्तगीर शिकलगार’.

एकवीस वर्षं चाचांचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं, आणि जेव्हा माती केली तेव्हा ठळक. दिवसभर दुकानातला फोन वाजत राहिला. मंडईत लोक बोलू लागले, की चाचांचं आता वय झालं, डोकं चालत नाही, कायच्या काय लिहितात. जो माणूस एका अक्षराच्या चुकीसाठी मेढ्याचा घाट चढला, त्याची सगळी मिळकत म्हणजे तो विश्वास होता, की या माणसाचं कोडं प्रामाणिक असतं, डोकं चालवलं की सुटतंच. एका सकाळीत तो मातीत घातला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी दैनिकात गेले. तिथे मला सांगण्यात आलं, की शब्दकोडं ते काय, त्याचा एवढा काय बाऊ करायचा. चूक दुरुस्ती छापा म्हटलं, तर म्हणाले, बघू. चोर तो चोर, वर शिरजोर. ते अजून बघताहेत.

तिथून मी तडक चाचांच्या दुकानात गेले. चाक बंद होतं. चाचा चटईवर बसून पोस्टकार्डं लिहीत होते. जवळ जुन्या पत्त्यांची वही. ज्यांची ज्यांची पत्रं आजवर आली त्या प्रत्येकाला एक कार्ड. त्यात त्याच्या गावाचं पुरं सूत्र, त्याची उकल, आणि खाली: ‘आपली रविवारची सकाळ वाया गेली, क्षमा असावी.’

मी ओरडले. हो, वडिलांच्या वयाच्या माणसावर ओरडले. म्हटलं, चूक त्यांची, कात्री त्यांची, आणि क्षमा तुम्ही मागता? तुम्हाला कधी राग येतो की नाही? चाचींनी आतून डोकावून पाहिलं. चाचांनी पेनाचं टोपण लावलं, मगच बोलले.

“मॅडम, मानूस सकाळी च्या घिऊन बसला, डोकं खाजवलं, आन त्याला वाटलं आपुनच अडानी हाय. कापलं कुनी, ह्ये त्याला काय करायचंय? त्याची सकाळ गेली. नाव माजं हाय न्हवं खाली?”

त्यांचा उजवा हात अलीकडे थरथरतो. ते सगळं टपाल लिहायला त्यांना वीसेक दिवस लागले. मदत घेतली नाही. मला आलेल्या कार्डावरचं अक्षर ओळीच्या शेवटी खाली घसरलेलं आहे. मेढ्याचं सूत्र त्यात पुरं आहे, अर्धी ढाल, जावळी, कंसातला दोनचा आकडा, सगळं. मला त्या उत्तराची गरज नव्हती, मी ते मूळ कोड्यातच सोडवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी धाडलं.

आता पंच्याहत्तरी आली, तसं सगळ्यांना प्रेमाचं भरतं आलं. समिती झाली, ग्रंथ ठरला. आणि सत्कार कुणाच्या हस्ते? त्याच दैनिकाच्या संपादकांच्या. मी समितीच्या अध्यक्षांना विचारलं, तुम्हाला साताऱ्यात दुसरा माणूस मिळाला नाही का? ते म्हणाले, बाई, जुनं उकरू नका, ते आले तर बातमी मोठी येईल. मी लेख लिहायला साफ नकार दिला.

मग चाचांनीच बोलावून घेतलं. समितीला काय सांगितलं ते मला त्यांच्याकडून कळलं. सत्कार कुणीही करावा, त्यांची हरकत नव्हती. पण ते म्हणाले होते, “हारतुऱ्याचं ऱ्हाऊ द्या. मला ग्रंथात एक पान द्या. कोडं पुरं छापा, उकलीसकट. न्हाई तर मी काय येत न्हाई.” समितीने सांगून पाहिलं, की गौरवग्रंथात कोडं शोभत नाही, मोजकी पानं आहेत, छायाचित्रं बसवायची आहेत. चाचा पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदाही तेच. अध्यक्ष मला म्हणाले, एवढे हट्टी असतील असं वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं म्हणे! त्या शटरसमोर एक रविवार बसला असता, तर वाटलं असतं. माझ्या रागाचा आवाज मंडईपर्यंत जातो, आणि होत काही नाही. चाचांच्या रागाला आवाज नाही, पण पान मिळालं.

तेव्हा वाचकहो, हा लेख संपला की पान उलटा. समोर कोडं आहे, पुरं, एकही शब्द न कापलेलं. ज्यांच्या मनात त्या रविवारपासून चाचांविषयी किंतु असेल, त्यांनी पेन्सिल घेऊन बसावं आणि सुटतं की नाही ते स्वतः पाहावं. उत्तरं मी वर फोडून बसले आहे, त्याबद्दल चाचा मला बोलणार आहेत. पण सगळी फोडलेली नाहीत. विटा, कराड, तासगाव इथे कुठल्या वाटेने पोचायचं ते अजून शिल्लक आहे.

माझा बेत वेगळाच होता, तोही सांगून टाकते. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर जाऊन संपादकांच्या हातात ते कापलेलं कोडं द्यायचं, सगळ्यांसमक्ष, आणि म्हणायचं, घ्या, सोडवा. मी हे मोठ्या तोऱ्यात चाचांना सांगितलं. ते कात्रीची धार अंगठ्याने पाहत होते. म्हटलं, आता नको म्हणतील, मग मी भांडीन. ते म्हणाले, “द्या की. पर उकल बी द्या संगट. त्येंची तरी सकाळ कशाला घालवायची?”

मी तशीच घरी आले. दोन दिवस घुश्शातच होते. काल बसून ती उकल स्वच्छ अक्षरात लिहून काढली, प्रत्येक सूत्राखाली त्याची वाट, कुठला तुकडा कशाचा ते बाण काढून. पाकिटात घालून ठेवली आहे. त्या दिवशी ती मी संपादकांना देईन, नीट हातात देईन.

चाचांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचा हात थरथरायचा थांबो, नाही थांबला तर माझा हात आहे, सूत्रं त्यांनी सांगावीत, मी लिहीन, एक शब्द जादा घालणार नाही आणि एक गाळणार नाही. चाचींचे गुडघे बरे राहोत. शटरवर शंभरीपर्यंत खडू चालत राहो. माझा राग कमी व्हावा, असं समितीतले काही जण म्हणतात. ते मी मागणार नाही. चाचा क्षमा मागत फिरतात तोवर कुणीतरी रागावलेलं असायलाच हवं.